यंत्र आणि वीज : एकाच विद्येची दोन अंगे

‘मेकॅनिकलला जावे की इलेक्ट्रिकलला?’ हा प्रश्न आपल्याकडे बहुधा गुणपत्रिका हाती पडल्यावर विचारला जातो. वस्तुतः या शाखांत कोणता विचार करावा लागतो, हे जाणून घेऊन तो आधीच विचारावयास हवा.

घडियाळी पोळीतील एखाद्या उंच घराच्या गच्चीवरील टाकीचे उदाहरण घेऊ. १००० लिटर, म्हणजे १००० किलोग्रॅम पाणी १० मीटर वर चढविण्यास सुमारे ९८,००० ज्यूल ऊर्जा पुरते. विजेच्या एका युनिटात ३६,००,००० ज्यूल असतात. म्हणजे युनिटाचा सुमारे सदतिसावा हिस्सा पुरे व्हावा. परंतु मोटर आणि पंप मिळून शंभरातील चाळीसच भाग कारणी लागत असतील, तर अडीचपट वीज खर्ची पडते. उरलेली जाते कोठे?

काही मोटरीच्या तारांत व लोखंडात उष्णता होऊन जाते. ती गळती रोखणे हे विद्युत् अभियंत्याचे काम. काही बेअरिंगच्या घर्षणात आणि पंपाच्या चक्रातील पाण्याच्या भोवऱ्यांत जिरते. तो प्रांत यंत्र अभियंत्याचा. दोघांची गाठ मोटरीच्या फिरत्या दांड्यावर पडते. १८३१ साली फॅरडेने हलत्या चुंबकामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे दाखविले. जनित्राचे मूळ तेथे आहे. मोटर याच्या उलट, विजेपासून गती देते.

ही विद्या आपल्या नगरीला परकी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापन झाले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा, की तंत्रशिक्षण देशी भाषांतून द्यावे. पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात कलाभवनाचे रूपांतर तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले. १९४३ मध्ये नानूभाई अमीन यांनी याच शहरात ‘ज्योती’ कारखाना काढला; तेथे पंपही घडले आणि मोटरीही.

गज्जरांच्या आग्रहाचे मर्म आजही ध्यानी घ्यावे. इंग्रजी परिभाषा पुढे शिकावीच लागेल. परंतु पंप पाणी का चढवितो, हे जो घरच्या भाषेत आजीला समजावून सांगू शकतो, त्यालाच ते खरे उमगले. शाखा निवडण्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येकाने स्वतःची घ्यावी. तिचे गुण कोणत्याही गुणपत्रिकेत नसतात.