खानदेशांतील रानपिंगळा

तिन्हीसांजेला अंगणांतल्या जुन्या झाडावर पिंगळा चिरकला कीं आजीबाईंचा जीव धास्तावतो, आणि नुकताच जीवशास्त्राचा धडा शिकून आलेला नातू त्यांना हंसतो. या पिंगळ्याचा एक जातभाई खानदेशच्या रानांतून शंभरांहून अधिक वर्षें नाहींसा झाल्यासारखा होता. त्याची हकीकत या दोघांनींहि ऐकण्यासारखी आहे.

इ. स. १८७३ मध्यें ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञानें रानपिंगळ्याचें प्रथम वर्णन केलें. पुढें डेव्हिडसन नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें पश्चिम खानदेशांत त्याचे कांहीं नमुने मिळविले. त्यांतील शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर १९१४ सालीं तापीकांठीं मांडवी येथें आपण हा पक्षी मारल्याची नोंद मेनर्ट्‌झहागेन या संग्राहकानें करून ठेविली होती. परंतु अमेरिकन विदुषी पॅमेला रासमुसेन यांनीं बारकाईनें तपासणी केली, तेव्हां तो नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहांतला, चोरून पुन्हां पेंढा भरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला निघाला! ती चिठ्ठी बाजूस सारून खऱ्या नोंदींच्या आधारें त्या, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे शोधास निघाले; आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळच्या रानांत रानपिंगळा दिसला. शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. पुढें जळगांव जिल्ह्यांतील यावल अभयारण्यांतहि या पक्ष्याची नोंद झाली.

घराजवळच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचें डोकें बहुतेक बिनठिपक्यांचें असतें, आणि तो भरदिवसां शिकार करितो. पण मुख्य भेद अधिवासाचा, म्हणजे राहण्याच्या जागेचा आहे. पहिला वस्तीशीं जुळवून घेतो. दुसऱ्यास सागाचें विरळ, कोरडें रान लागतें.

हें रान मोठेंहि लागतें. पान किडा खातो, किड्याला सरडा, आणि सरड्याला रानपिंगळा. या अन्नसाखळींत प्रत्येक पायरीवर मिळालेल्या शक्तीचा बहुतेक भाग चलनवलनांत खर्च होतो; पुढच्या पायरीस ढोबळ मानानें एक दशांशच पोंचतो. म्हणून पानें अमाप, किडे पुष्कळ, सरडे थोडे आणि घुबडें अगदीं मोजकीं. शेतासाठीं रानाचा एक तुकडा तुटला, तर किड्यांची उणीव डोळ्यांस दिसतहि नाहीं. परंतु साखळीच्या टोंकाचें एखादें जोडपें उपाशी पडतें.

शिवाय हा पक्षी झाडांच्या ढोलींत अंडीं घालतो, आणि ढोली आपण होऊन कोरूं शकत नाहीं. ढोली असते जुन्या झाडाला. असें झाड आपल्याला निरुपयोगी सरपण वाटतें, आणि कुऱ्हाड आधीं त्यावरच पडते. नवीं रोपें लावून ही हानि लवकर भरून येत नाहीं. ढोल धरण्याइतकें वय झाडाला यावें लागतें. आज रानपिंगळा संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो तो यामुळेंच.

तेव्हां आजीबाईंनीं पिंगळ्याला भिऊं नये. तो घराभोंवतालचे किडे व उंदीर खाऊन आपलें हितच करितो. नातवानेंहि नुसतें हंसूं नये. एक वही करावी, आणि दिसलेल्या प्रत्येक पक्ष्यापुढें दिवस, वेळ व ठिकाण खरेंखुरें लिहावें. एका खोट्या चिठ्ठीनें जाणत्यांना कित्येक वर्षें चकविलें, आणि खऱ्या चिठ्ठ्यांनीं हरवलेला पक्षी परत मिळवून दिला.