पंखा मोठा, बोट हळू

जहाजाच्या पंख्याचा इतिहास एका शेतातल्या तळ्यावरून जातो, हे पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा बागायतदारांना ऐकायला आवडेल. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळच्या हेंडनचा शेतकरी. 1835 च्या सुमारास त्याने स्प्रिंगवर चालणारी एक छोटी बोट बनवली, तिला मळसूत्री पंखा बसवला आणि शेतातल्याच तळ्यात सोडून पाहिली. 1836 मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी पॅडिंग्टन कालव्यात त्याच्या मोठ्या बोटीचा लाकडी पंखा धडकून मोडला. दोन वेढ्यांचा होता, एकच वेढा शिल्लक राहिला. बोट थांबेल असं वाटत होतं, ती उलट जास्त जोरात पळाली!

रिमोटची बोट करणाऱ्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा. बोट हळू चालली की पहिला विचार येतो तो मोठा पंखा लावण्याचा, आणि बहुतेक मोटरी त्यातच जळतात.

पंख्याचे दोन आकडे महत्त्वाचे, व्यास आणि पिच. बोल्ट एक फेरा फिरवला की नटात जितका पुढे सरकतो, तितका त्याचा पिच. पंख्याचंही तेच, फक्त इथे नटाच्या जागी पाणी आहे आणि ते मागे सरकतं. त्यामुळे पंखा हिशोबापेक्षा कमी पुढे जातो. या तुटीला स्लिप म्हणतात. स्लिप म्हणजे निव्वळ नुकसान, असं मात्र समजू नये. पाणी मागे ढकललं गेलं नाही, तर बोट पुढे जाणार कशाने?

वेगवान मॉडेल बोटींमध्ये ऑक्टुरा कंपनीचे पंखे प्रसिद्ध आहेत. त्यातल्या एक्स 440 मधले शेवटचे दोन अंक म्हणजे 40 मिलिमीटर व्यास, आणि पहिला 4 सांगतो की पिच व्यासाच्या 1.4 पट आहे, म्हणजे 56 मिलिमीटर. आता 1800 केव्हीची मोटर घ्या. केव्ही म्हणजे बिनबोजाच्या मोटरचे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे. तीन सेलच्या 11.1 व्होल्ट लिपो बॅटरीवर ते जवळपास 20,000 होतात. 56 मिलिमीटरने गुणलं तर वेग येतो ताशी 67 किलोमीटर. कागदावर! पाण्यात बोजा आला की फेरे उतरतात आणि उरलेल्यातून स्लिप आपला वाटा घेते.

खरी गोम बोजात आहे. फेरे तेच ठेवले, तर पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. 35 चा पंखा काढून त्याच ठेवणीचा 40 मिलिमीटरचा लावला की डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो, पण मोटरवरचा बोजा जवळजवळ दुप्पट होतो. फेऱ्यांच्या बाबतीत घात तिसरा. दोन सेलची बॅटरी काढून तीन सेलची लावली आणि फेरे खरोखरच दीडपट झाले, तर शक्ती लागते सव्वातीनपटीहून जास्त. ती मिळाली नाही की करंट चढतो, मोटर तापते, स्पीड कंट्रोलर जातो आणि बोट पहिल्यापेक्षाही हळू चालते.

म्हणून हिशोब उलटा करावा. आधी बोटीचा सांगाडा पाहायचा, मग वेग ठरवायचा आणि पंखा शेवटी निवडायचा. पाणी कापत जाणारी, जड बुडाची बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. तिच्या वेगाची मर्यादा लांबीच्या वर्गमुळावर ठरते. 60 सेंटिमीटरच्या बोटीला ती ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास पडते. त्यापुढे कितीही पिच लावला तरी पाणी फक्त घुसळलं जातं. सपाट बुडाची, पाण्यावर उचलली जाणारी स्पीडबोट मात्र या अटीतून सुटते. 1.4 पटीचे पिच तिच्यासाठीच आहेत.

खऱ्या जहाजाच्या मॉडेलचं उदाहरण घ्या. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ ही विनाशिका 163 मीटर लांब आहे आणि तिचा वेग 30 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटर. तिचं शंभरास एक मापाचं मॉडेल 163 सेंटिमीटरचं होईल. जहाज आणि मॉडेलच्या वेगांचं नातं सांगणाऱ्या विल्यम फ्रूडच्या नियमाने मॉडेलचा वेग काढायला जहाजाचा वेग शंभरने नव्हे, शंभरच्या वर्गमुळाने भागायचा. उत्तर येतं ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. 35 मिलिमीटर व्यास आणि तितकाच पिच असलेला पंखा घेतला आणि स्लिप 40 टक्के धरली, तर मिनिटाला साडेचार हजारांहून कमी फेरे पुरतात. वीस हजारांची मोटर इथे हवीच कशाला? टग किंवा मच्छीमार बोटीचं मॉडेल असेल तर मोठा व्यास, कमी पिच आणि संथ मोटर ही जोडी उत्तम. तीन-चार पात्यांचे पितळी पंखे दिसायला देखणे असतात, अशा मॉडेलला शोभतातही. निव्वळ वेगासाठी दोन पाती बरी.

आपल्याकडे अडचण पाण्याची. सौंसरकडच्या कन्हान नदीच्या वाहत्या पाण्यात मॉडेल सोडलं तर ते परत येईलच असं नाही. स्मिथसारखं शेततळंच बरं. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार भयंकर निसरडा असतो. पाण्यात पडलेल्याला वर चढता येत नाही. पोरांना तिथे एकटं सोडू नका, आणि बंद पडलेली बोट काढायला कुणी पाण्यात उतरू नये, गळाची दोरी फेकून ती ओढून घ्यावी.

नवा पंखा लावला की पहिली फेरी दोनच मिनिटांची ठेवा. बोट काठाला घ्या, आधी बॅटरी सोडवा, मगच मोटरला हात लावा. आपल्या उन्हाळ्यात ती आधीच तापलेली असते, म्हणून ही चाचणी सकाळीच करावी. चटका बसला तर नवी मोटर आणायला नागपूरला पळू नका. आधी एक नंबर लहान पंखा लावून पाहा.