जुन्या मोटारीचा नवा जन्म : पहिली गाडी कोणती निवडावी ?

बारामतीला लागून असलेल्या जळोचींत आमचें घर आहे. घराच्या मागील अंगणांत, पत्र्याच्या छपराखालीं, वडिलांची १९६६ सालची फियाट कित्येक वर्षें उभी आहे. मुलांनीं तिची आगगाडी केली, मांजरीनें तींत दोनदां बाळंतपण उरकलें. पण ती मोडींत घालण्याची गोष्ट कोणीं काढली नाहीं. यंदा गणपतीच्या सुटींत मात्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या पुतण्यानें तिच्याभोवतीं दोन प्रदक्षिणा घातल्या आणि जाहीर केलें, "काका, हिचें छप्पर कापून, मोठें एंजिन बसवून आपण हिची हॉट रॉड करूं !"

आई वाती वळीत बसली होती. तिनें हात थांबवून एवढेंच विचारलें, "म्हणजे गाडी मोडणार कीं काय ?"

दोघांचेंहि समाधान करणें मला प्राप्त होतें. त्या निमित्तानें जो विचार झाला, तो ज्यांच्या घरीं असा उत्साही तरुण व अशी जुनी मोटार एकत्र नांदत असतील त्यांच्या उपयोगीं पडेल.

हॉट रॉडचा जन्म अमेरिकेंतला. १९३० नंतरच्या काळांत कॅलिफोर्नियांतील तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेत, त्यांचे मडगार्ड व छपरें काढून वजन हलकें करीत, एंजिनाची ताकद वाढवीत आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवीत. फोर्डच कां ? कारण १९०८ ते १९२७ या काळांत 'मॉडेल टी' दीड कोटीच्या घरांत तयार झाली होती, आणि १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें एंजिन सामान्य माणसाच्या गाडींत आणलें. म्हणजे गाड्या मुबलक, सुटे भाग स्वस्त आणि रचना सोपी. त्या मुलांनीं दुर्मिळ वस्तु कापली नाहीं. जी गल्लोगल्लीं पडली होती तीच हातीं घेतली. नवशिक्यानें प्रथम ध्यानांत धरण्याचा धडा हाच.

आपल्याकडे अशा मुबलक गाड्या तीन. पहिली अँबॅसॅडर, बंगालमधील उत्तरपाडा येथें ती २०१४ पर्यंत निघत होती. दुसरी फियाट, जी पुढें पद्मिनी झाली. ती मुंबईस कुर्ल्याला प्रीमियर कंपनींत तयार होई. त्या कंपनीचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद. त्यांच्या नांवाचें वालचंदनगर आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांतच आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली. तिसरी जीप, महिंद्र कंपनीनें ती १९४७ पासून जोडावयास आरंभ केला.

शिकण्यासाठीं माझें मत जीपच्या बाजूचें आहे. जीपची बॉडी वेगळ्या, मजबूत चासीवर बोल्टांनीं बसविलेली असते. पत्रे बहुतेक सपाट, त्यामुळें हातोडी चुकली तरी सुधारतां येते. फियाटला वेगळी चासी नाहीं. तिचें छप्पर, तळ व बाजू मिळूनच तिचा सांगाडा होतो. तिचें छप्पर कापणें म्हणजे पेटीचें झांकणच नव्हे, तर पेटीची ताकदच काढून घेणें होय.

गाडी घेतांना रंगाला भुलूं नये. मी स्वतः तरुणपणीं एका चकचकीत गाडीला भुललों होतों; पहिल्याच पावसाळ्यांत दरवाजाखालचा रंग पोपडा धरून गळाला आणि आंत पत्र्याऐवजीं नुसती पुट्टी निघाली. तेव्हांपासून मी खिशांत लोहचुंबक बाळगतों. जेथें तें चिकटत नाहीं, तेथें पत्रा नाहीं. पायाखालची चटई उचलून तळ ठोकून पाहावा. एंजिनांतील तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलें असें समजावें. निळा धूर म्हणजे तेल जळतें आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातें आहे. शेवटीं एंजिन व चासी यांचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावे. कागद नसलेली गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते.

कामाचा क्रमहि महत्त्वाचा. तरुणांचें मन एंजिनाकडे धांवतें. परंतु आधीं ब्रेक, मग स्टिअरिंग व टायर, मग विजेच्या तारा आणि त्यानंतर एंजिन. जी गाडी थांबविण्याची शाश्वती नाहीं, तिला पळविण्याची घाई कशाला ? आणखी एक गोष्ट आमच्या भागाला लागू पडणारी. पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, आणि त्यांतलें कांहीं उसापासूनहि निघतें. शेतकऱ्याला तें हितकर असलें तरी जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यानें खराब होतात. त्या आधीं बदलाव्या.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेशीं विसंगत असा बदल करतां येत नाहीं. एंजिन बदलावयाचें तरी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. उलट, २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. त्याची फी वीस हजार रुपये व मुदत दहा वर्षें. मात्र अशी गाडी प्रदर्शनें, मिरवणुका यांसारख्या प्रसंगींच रस्त्यावर आणावयाची, रोजच्या वापरास नव्हे. छप्पर कापलें कीं हा मान गेला, आणि कापलेलें पुन्हां जोडलें तरी मूळचें होत नाहीं.

हें सर्व मीं पुतण्यापुढें मांडलें. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशीं म्हणाला, "काका, फियाट मूळची तशीच उभी करूं. कापाकापी शिकायला एखादी मोडकी जीप बघूं, आणि ती आपल्या शेतांतच चालवूं." त्याच संध्याकाळीं त्यानें फियाटचा कार्बुरेटर उतरविला आणि जुन्या परातींत त्याचे सुटे भाग मांडून प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली.

आई काठी टेकीत अंगणांत आली. मागचें दार स्वतः उघडून आंत बसली व आसनावरून हात फिरवून म्हणाली, "तुला दवाखान्यांतून घरीं आणलें तें ह्याच जागीं बसून." मग नातवाकडे वळून तिनें विचारलें, "किती दिवस लागतील रे ?"

"वर्षभर तरी, आजी."

"लागूं दे," ती म्हणाली, "पण तो आवाज मला एकदां ऐकव."

गाडी अद्याप सुरू झालेली नाहीं. परंतु परातींतल्या चिठ्ठ्या रोज कमी होत आहेत.