फिरत्या वर्गांचें कार्ड आणि घरचा हिशेब

उधारीनें माल घ्यावा आणि उधारी देणाऱ्यानेंच वर कांहीं पैसे परत करावेत, हा व्यवहार प्रथम ऐकणाऱ्यास उलटा वाटतो. वाण्याच्या वहींत नांव मांडून किराणा आणणाऱ्या गृहस्थाला महिनाअखेर वाण्यानें बक्षीस दिल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. अमेरिकेंतील क्रेडिट कार्डांच्या बाजारांत मात्र हा प्रकार कित्येक वर्षांपासून रुळलेला आहे. १९८६ सालीं सीअर्स या प्रचंड विक्रीसंस्थेनें डिस्कव्हर नांवाचें कार्ड देशभर आणलें. त्याला वार्षिक वर्गणी नव्हती, आणि वर्षभरांत केलेल्या खर्चाचा एक लहानसा अंश ग्राहकाला रोख परत मिळत असे. पुढें इतर बँकांनींहि तीच वाट धरली. शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या हातींहि अशीं कार्डें येतात, आणि त्यांचा उपयोग कसा करावा हा प्रश्न घराघरांत निघतो.

या कार्डांपैकीं एका जातीला विशेष लक्ष द्यावें लागतें. तिच्यांत परतावा सर्व खर्चावर सारखा नसतो. वर्षाचे तीन तीन महिन्यांचे चार भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक तिमाहीसाठीं बँक खर्चाचे कांहीं वर्ग जाहीर करते. एका तिमाहीस किराणा, दुसरीस पेट्रोल, तिसरीस उपाहारगृहें, चौथीस नाताळच्या खरेदीचीं दुकानें, अशा रीतीनें हे वर्ग फिरत राहतात. त्या वर्गांतील खर्चावर ५ टक्के आणि इतर बहुतेक खर्चावर १ टक्का परत मिळतो. डिस्कव्हर इट आणि चेस बँकेनें २०२० सालीं काढलेलें फ्रीडम फ्लेक्स हीं या जातीचीं प्रसिद्ध उदाहरणें होत.

हिशेबाची पहिली बाब मर्यादेची. ५ टक्क्यांचा परतावा अमर्याद नसतो. या दोन्ही कार्डांवर तो एका तिमाहींतील १,५०० डॉलरांच्या खर्चापर्यंतच मिळतो. त्यापुढें पुन्हां १ टक्काच. १,५०० डॉलरांवर ५ टक्के म्हणजे ७५ डॉलर, आणि चारहि तिमाह्या पूर्ण साधल्या तर वर्षाचे ३०० डॉलर. परंतु लाभ मोजतांना, हें कार्ड नसतें तर काय मिळालें असतें, तें त्यांतून वजा केलें पाहिजे. कोणत्याहि खर्चावर सरसकट २ टक्के परत देणारीं कार्डेंहि तेथें मिळतात. सिटी बँकेचें २०१४ सालीं निघालेलें डबल कॅश हें त्यांपैकींच एक. त्या कार्डावर त्याच १,५०० डॉलरांचे ३० डॉलर सहज आले असते. तेव्हां फिरत्या वर्गांचा खरा अधिक लाभ तिमाहीस ४५ डॉलर आणि वर्षास फार तर १८० डॉलर एवढाच उरतो. एवढ्यासाठीं वर्षांतून चार वेळां थोडें लक्ष घालणें वाजवी आहे. एवढ्यासाठीं घरचा खर्च वाढविणें मुळींच वाजवी नाहीं. पुढील सर्व नियम या एकाच कसोटीवर घांसून पाहतां येतात.

दुसरी बाब नोंदणीची. नवी तिमाही लागली म्हणून ५ टक्के आपोआप मिळूं लागत नाहींत. ही सवलत आपल्याला हवी आहे असें ग्राहकानें प्रत्येक तिमाहीस बँकेच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरून कळवावें लागतें. या क्रियेला ॲक्टिव्हेशन म्हणतात. तिला पैसा पडत नाहीं व वेळहि मिनिटभरापेक्षां अधिक लागत नाहीं. पण ती राहून गेली तर पांचाच्या जागीं एकच टक्का पदरीं पडतो. यांतहि सर्व बँकांचे नियम सारखे नाहींत. चेसच्या कार्डावर तिमाहीच्या शेवटच्या महिन्याच्या १४ तारखेपर्यंत कळविलें, तरी तिमाहीच्या आरंभापासूनचा खर्च हिशेबांत धरला जातो. डिस्कव्हरवर मात्र कळविल्यानंतरचाच खर्च धरतात. म्हणून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या तारखेस घरच्या कॅलेंडरावर खूण करून ठेवणें हा सर्वांत सोपा उपाय. ज्या घरांत एकादशी-चतुर्थी पाहण्यासाठीं कालनिर्णय टांगलेलें असतें, तेथें या चार खुणांना जागा होण्यास अडचण नाहीं.

तिसरी बाब पुष्कळांना चकविते. खर्चाचा वर्ग वस्तूवरून ठरत नाहीं; तो दुकानावरून ठरतो. कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या धंद्याप्रमाणें चार आंकडी संकेत दिलेला असतो. किराण्याच्या दुकानांचा व सुपरमार्केटांचा ५४११, पेट्रोल पंपांचा ५५४१ किंवा ५५४२, उपाहारगृहांचा ५८१२. ग्राहकानें टोपलींत तांदूळ घातले कीं दंतमंजन, याचा बँक विचार करीत नाहीं. ती हा संकेत आणि रक्कम पाहून परतावा देते. त्यामुळें सुपरमार्केटांत घेतलेला साबण किराण्यांत मोडतो, आणि घाऊक क्लबांतून आणलेली तांदळाची गोणी किराण्यांत मोडत नाहीं, कारण अशा क्लबांचा संकेत ५३०० हा निराळा आहे. वॉलमार्ट व टार्गेट यांसारखीं सर्ववस्तुभांडारें तर किराण्याच्या वर्गांतून पुष्कळदां नांव घेऊन वगळलेलीं असतात. ज्या छोट्या भारतीय दुकानांतून तूरडाळ, पोहे आणि गोडा मसाला आणला जातो, त्यांपैकीं कांहींची गणना ५४११ मध्यें होते, तर कांहींची ५४९९ या किरकोळ खाद्यपदार्थांच्या वर्गांत. दुकानाच्या पाटीवरून हें कळत नाहीं. एखादी लहानशी खरेदी करून तिच्यावर किती परतावा जमा झाला तें पाहणें, हीच त्याची खात्रीची परीक्षा. मोठी खरेदी त्यानंतर करावी.

एवढें ध्यानांत आल्यावर योजना करणें कठीण नाहीं. आधीं घरच्या गेल्या वर्षाच्या खर्चाचे आंकडे काढावेत. ज्या कुटुंबाला किराण्यास महिना ४०० डॉलर लागतात, त्याचा तिमाहीचा खर्च १,२०० डॉलर आणि परतावा ६० डॉलर होतो. उरलेल्या ३०० डॉलरांची मर्यादा भरून काढण्याचे दोन निरुपद्रवी मार्ग आहेत. पहिला मार्ग टिकाऊ जिन्नस आधीं भरून ठेवण्याचा. तांदूळ, डाळी, साबण, धुण्याची भुकटी या वस्तु पुढील तिमाहींत लागणारच असतात. त्या सवलतीच्या तिमाहीच्या अखेरीस आणल्या तर नुकसान कांहींच नाहीं. भाजी आणि दूध यांना हा न्याय लागू पडत नाहीं. दुसरा मार्ग गिफ्ट कार्डांचा. पुष्कळ सुपरमार्केटांत इतर दुकानांचीं व उपाहारगृहांचीं गिफ्ट कार्डें मिळतात, आणि तीं तेथें घेतल्यास तो खर्च बहुधा किराण्यांत धरला जातो. मात्र ज्या दुकानांत घरचें माणूस नेहमीं जातें त्याचेंच कार्ड घ्यावें, आणि बँकेच्या अटींत त्याला मनाई नाहीं हें प्रथम पाहावें. नाहीं तर पैसे कागदाच्या तुकड्यांत अडकून पडतात.

मर्यादा ही खात्यामागें असते, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पति-पत्नींचीं स्वतंत्र खातीं असतील तर प्रत्येकाला १,५०० डॉलरांची निराळी मर्यादा मिळते. एकाच खात्यावर दुसऱ्यासाठीं जास्तीचें कार्ड काढलें तर ती वाढत नाहीं. वर्गाबाहेरचा खर्च २ टक्क्यांच्या कार्डावर करावा आणि फिरत्या वर्गाचें कार्ड त्याच्या वर्गापुरतेंच वापरावें. सुट्टींत पुण्यामुंबईस येणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. फ्रीडम फ्लेक्सवर अमेरिकेबाहेर केलेल्या खर्चाला ३ टक्के शुल्क पडतें. लक्ष्मी रस्त्यावर १,००० डॉलरांच्या पैठण्या या कार्डावर घेतल्या, तर १० डॉलर परत मिळतात आणि ३० डॉलर शुल्कापायीं जातात. परदेशी शुल्क नसलेलें कार्ड अशा वेळीं जवळ असावें.

येथवर लाभाची बाजू झाली. आतां हानीची बाजू पाहिली पाहिजे, कारण ती अधिक मोठी आहे. सवलतीची तिमाही संपत आली आणि मर्यादा भरावयाची राहिली, कीं मनाला एक प्रकारची हुरहुर लागते. त्या भरांत नको असलेली १०० डॉलरांची वस्तु घेतली, तर ५ डॉलर मिळाले असें वाटतें; प्रत्यक्षांत ९५ डॉलर गेलेले असतात. न केलेल्या खर्चाचा परतावा शंभर टक्के असतो, हें गृहिणींना कोणी शिकवावें लागत नाहीं. पण जाहिराती तें विसरावयास लावतात.

व्याजाचा फटका याहूनहि जबर असतो. फेडरल रिझर्व्हच्या आंकड्यांप्रमाणें २०२३ आणि २०२४ या वर्षीं अमेरिकेंतील कार्डांवरील सरासरी व्याजदर २० टक्क्यांहून अधिक होता. एखाद्या कार्डाचा दर २४ टक्के धरला, तर तो महिन्यास सुमारें २ टक्के होतो. १,५०० डॉलर न भरतां तसेच ठेवले तर महिन्याचें व्याज ३० डॉलर. म्हणजे फिरत्या वर्गानें मिळवून दिलेला ४५ डॉलरांचा अधिक लाभ दीड महिन्यांत आणि ७५ डॉलरांचा सगळा परतावा अडीच महिन्यांत नाहींसा होतो. शिवाय बिल पूर्ण भरलें असतां नव्या खरेदीवर जी बिनव्याजी मुदत मिळते, ती बाकी ठेवणाऱ्यास सामान्यतः मिळत नाहीं. त्याच्या नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढूं लागतें. २००९ सालच्या अमेरिकन कायद्यानें बिल मुदतीच्या किमान २१ दिवस आधीं ग्राहकाकडे रवाना केलें पाहिजे असा नियम केला, आणि नुसती किमान रक्कम भरीत गेल्यास कर्ज फिटण्यास किती काळ लागेल तें बिलावर छापणें बँकांना भाग पाडलें. बिलावरील तो लहानसा चौकोन प्रत्येकानें एकदां तरी वाचण्यासारखा आहे. बँकेच्या खात्यांतून रक्कम आपोआप वळती करण्याची सोय असते. ती करतांना 'किमान रक्कम' न निवडतां 'बिलाची पूर्ण रक्कम' निवडावी.

मग बँकेला हें परवडतें कसें? प्रत्येक खरेदीमागें व्यापाऱ्याकडून साधारणपणें २ ते ३ टक्के शुल्क घेतलें जातें, आणि व्यापारी तें मालाच्या किंमतींत मिळवितो. त्यामुळें रोख पैसे देणारा गरीब ग्राहकहि तीच वाढीव किंमत देतो, पण त्याला परतावा मिळत नाहीं. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं असा अंदाज काढला कीं, रोखीनें व्यवहार करणाऱ्या कुटुंबाकडून वर्षास सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे जातात. दुसरा आणि अधिक मोठा ओघ व्याजाचा. ग्राहकसंरक्षणाचें काम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२३ च्या अहवालांत, २०२२ या एका वर्षांत कार्डधारकांवर १०५ अब्ज डॉलरांहून अधिक व्याज आकारलें गेल्याचें नमूद आहे. युरोपीय संघानें २०१५ च्या नियमांनीं क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांतील बँकांमधील शुल्क ०.३ टक्क्यावर बांधून टाकलें. इतक्या अल्प उत्पन्नांतून ५ टक्क्यांची उदारता निघूं शकत नाहीं. यावरून परताव्याचा झरा कोठून वाहतो हें स्पष्ट होतें. बिल वेळेवर व पूर्ण भरणाऱ्याचें बक्षीस हें बऱ्याच अंशीं न भरूं शकणाऱ्याच्या व्याजांतून येतें.

या व्यवहारांत दोन प्रकारचीं घरें आहेत: कार्डाकडून घेणारीं आणि कार्डाला देणारीं. आपलें घर कोणत्या बाजूस आहे हें शोधण्यास गेल्या बारा महिन्यांचीं बिलें पुरेशीं होतात. बाराहि बिलें पूर्ण भरलेलीं असतील, तर तिमाहीच्या आरंभीं नोंदणी करावी, दुकानाचा वर्ग तपासावा, नेहमींचाच खर्च त्या कार्डावर वळवावा आणि मिळालेली रक्कम बचतीच्या खात्यांत टाकावी. अटी बदलत असतात. २०२५ सालच्या मे महिन्यांत डिस्कव्हर ही कंपनीच कॅपिटल वन बँकेनें विकत घेतली. म्हणून अटींचा कागद वर्षांतून एकदां तरी नव्यानें वाचावा. पण बारांपैकीं एक-दोन बिलांवर जरी व्याज लागलेलें दिसलें, तरी ५ टक्क्यांचा विचार बाजूस ठेवून हें कार्ड कपाटांत ठेवावें, रोजचा खर्च रोखीनें किंवा डेबिट कार्डावर चालवावा आणि आधीं तें कर्ज फेडावें. त्या घरापुरता सर्वांत मोठा परतावा तोच होय.