अग्रफळीचा वस्ताद

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाने चेंडू मारण्याचे प्रसंग फार थोडे येतात. चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता. तो छातीशी धरून धावायचे, नाहीतर हाताने दूर फेकायचा. कोलकात्यापासून गोव्यापर्यंत आपण जो फुटबॉल जाणतो, त्याच्याशी या खेळाचे नाते नावापुरतेच. तेव्हा या खेळातील एका प्रशिक्षकाविषयी बोलण्यापूर्वी खेळाची थोडी ओळख करून देणे भाग आहे.

मैदान शंभर यार्ड लांब आणि सुमारे त्रेपन्न यार्ड रुंद. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. ज्या बाजूकडे चेंडू असतो तिला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते; ते साधले की आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी दोन्ही संघांच्या फळ्या हातभर अंतरावर, जमिनीला हात टेकून, समोरासमोर वाकून उभ्या असतात. मधला गडी चेंडू आपल्या दोन पायांमधून मागे देतो. तो ज्याच्या हाती पडतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चढाई करणाऱ्या संघाची बुद्धी म्हणजे हा एक गडी. त्याला अडीच-तीन सेकंद निर्वेधपणे मिळाले, तर दूर धावत गेलेला आपला सोबती तो बरोबर हेरतो आणि चेंडू त्याच्या हाती पोहोचवतो. ते सेकंद त्याला मिळू न देणे हे बचाव करणाऱ्या संघाच्या पुढच्या चार गड्यांचे काम. मधले दोघे टॅकल, कडेचे दोघे एंड. सव्वाशे-दीडशे किलो वजनाची ही माणसे. परंतु त्यांना पहिल्या दोन पावलांत हरणाची चपळाई दाखवावी लागते.

या चौघांना शिकवणारा स्वतंत्र प्रशिक्षक असतो. मुख्य प्रशिक्षक संघाचा कारभारी. त्याच्या हाताखाली चढाईचा एक आणि बचावाचा एक असे दोन सूत्रधार. त्यांच्याही खाली एकेका जागेचे प्रशिक्षक. बचावाच्या अग्रफळीचा प्रशिक्षक हा या उतरंडीतील तिसऱ्या पायरीवरचा माणूस होय. वृत्तपत्रांत त्याचे नाव सहसा येत नाही. सामना जिंकला तर श्रेय खेळाडूंना, हरला तर दोष मुख्य प्रशिक्षकाला. याच्या वाट्याला दोन्हींतले थोडेच येते. असे जवळजवळ अर्धशतक ज्यांनी या विद्येत घालवले, त्या रॉड मारिनेली यांची ही हकीकत आहे.

मारिनेली यांचा जन्म 1949 मधला, कॅलिफोर्नियातील रोझमीड या गावचा. तरुणपणी त्यांनी एक वर्ष व्हिएतनामच्या युद्धात सैन्यात काढले. परत आल्यावर कॅलिफोर्निया लूथरन या लहानशा महाविद्यालयात ते शिकले आणि तेथेच फुटबॉल खेळले. व्यावसायिक संघात खेळण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. 1973 साली ते आपल्याच गावच्या माध्यमिक शाळेत प्रशिक्षक झाले. पुढे 1976 ते 1982 यूटा स्टेट, 1983 ते 1991 बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, मग अॅरिझोना स्टेटमध्ये तीन वर्षे आणि सदर्न कॅलिफोर्नियात एक वर्ष, अशी विद्यापीठांची वाट त्यांनी तुडवली. व्यावसायिक लीगमध्ये पहिली नेमणूक मिळाली तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. आम्हा शासकीय नोकरांना बदल्यांविषयी कुरकुर करण्याची सवय असते. पण आमची बदली झाली तरी नोकरी शाबूत राहते. अमेरिकेतील या प्रशिक्षकांचे तसे नाही. मुख्य प्रशिक्षकाला काढले की त्याच्याबरोबर सारा परिवार निघतो, आणि मुलांच्या शाळेचे वर्ष अर्ध्यावर टाकून नवे गाव शोधावे लागते.

1996 साली फ्लोरिडातील टाम्पा बे बकॅनिअर्स या संघाने त्यांना बोलावले. हा संघ म्हणजे लीगमधील थट्टेचा विषय होता. 1976 मध्ये तो जन्माला आला आणि पहिले सव्वीस सामने ओळीने हरला. त्यानंतर मधली दोनचार वर्षे बरी गेली. पण 1983 पासून सलग चौदा हंगामांत त्याचे पराभव विजयांपेक्षा अधिक भरले. त्या चौदांतील शेवटचा हंगाम मारिनेली यांचा तेथील पहिला होता. मुख्य प्रशिक्षक टोनी डंजी आणि बचावाचे सूत्रधार माँटी किफिन यांनी तेथे जी बचावपद्धती रुजवली, ती पुढे टाम्पाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

या पद्धतीचे मर्म एका साध्या वजाबाकीत आहे. क्वार्टरबॅकवर दडपण आणायचे तर पुष्कळ संघ पुढच्या चौघांबरोबर मागचे एक-दोन गडीही धावून पाठवतात. दडपण वाढते, पण मागे तितक्याच जागा मोकळ्या पडतात, आणि चतुर क्वार्टरबॅक नेमका तेथेच चेंडू फेकतो. टाम्पाची रीत अशी, की पुढे जायचे ते चौघांनीच. उरलेल्या सातांनी मागे पसरून मैदान राखायचे. मात्र हे सारे गणित त्या चौघांवर अवलंबून. त्यांना अडवायला समोर पाच गडी असतात. चौघांनी पाचांना भारी ठरायचे, तेही दर सामन्यात साठ-सत्तर वेळा! अग्रफळी कमी पडली तर ही पद्धती कागदावरच राहते. मारिनेली यांच्याकडे हे काम होते.

ते कसे शिकवले जाते हे पाहण्यासारखे आहे. क्वार्टरबॅक मोठ्याने इशारे देतो; त्याच्या आवाजावर विसंबून जो पुढे झेपावतो तो फसतो, कारण आवाजात हूल असते आणि वेळेआधी रेषा ओलांडणाऱ्याला पाच यार्डांचा दंड होतो. म्हणून कानांवर भरवसा ठेवायचा नाही. नजरेच्या कडेने चेंडू पाहायचा आणि तो हलताच सुटायचे. या शाखेतील प्रशिक्षक काठीच्या टोकाला चेंडू बसवून जमिनीशी धरतात आणि मनात येईल तेव्हा तो हलवतात. खेळाडूने त्या हालचालीवर उडी घ्यायची. तीच उडी, शेकडो वेळा. मग हातांचे शिक्षण. समोरचा गडी आपल्या छातीवर हात रोवू पाहतो. त्याचे हात तेथे पोहोचण्यापूर्वीच मनगटावर फटकारून दूर करायचे. खांदे त्याच्या खांद्यांपेक्षा खाली ठेवायचे, कारण जो खाली तो रेटतो आणि जो ताठ तो रेटला जातो. आपल्या तालमीतील वस्तादाला हे सांगण्याची गरज पडणार नाही.

याहून अवघड गोष्ट म्हणजे दमलेल्या माणसाला धावायला लावणे. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या बाजूला गेला, म्हणजे आपला काही संबंध उरला नाही असे वाटून गडी सैल पडतो. टाम्पाच्या परंपरेतील प्रशिक्षक चित्रफीत पुन्हा पुन्हा फिरवून अशा सैलपणाच्या नोंदी करीत. कोण, कोणत्या चालीत, पूर्ण वेगाने धावला नाही, याचा हिशेब मांडला जाई आणि तो सर्वांसमोर वाचला जाई. आमच्या खात्यांतील गोपनीय अहवालांपेक्षा ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. तेथे निदान चित्रफीत खोटे बोलत नाही, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्यालाच ते आधी कळते.

या शिक्षणाची फळे आकड्यांत दिसतात. चेंडू हातून सुटण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला पाडणे याला सॅक म्हणतात. 1982 पासून लीग त्याची अधिकृत नोंद ठेवते, आणि दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाच्या खाती अर्धा-अर्धा सॅक मांडला जातो. मारिनेली यांचा सर्वांत गाजलेला शिष्य वॉरन सॅप हा 1999 चा लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि 2000 सालच्या हंगामात त्याने साडेसोळा सॅक केले. मध्यभागी उभ्या राहणाऱ्या टॅकलच्या दृष्टीने हा आकडा असाधारण आहे. 1999 ते 2003 या काळात टाम्पाच्या संघाने सलग एकोणसत्तर सामन्यांत निदान एक तरी सॅक केला. हा विक्रम 2020 मध्ये पिट्सबर्गच्या संघाने मोडला.

26 जानेवारी 2003 रोजी सॅन डिएगो येथे टाम्पाचा संघ सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात उतरला. तोवर डंजी जाऊन जॉन ग्रुडन मुख्य प्रशिक्षक झाले होते. समोर ओकलंड रेडर्स. त्यांचा क्वार्टरबॅक रिच गॅनन हा त्या हंगामाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून गौरवला गेलेला. टाम्पाने 48-21 असा विजय मिळवला. गॅननला पाच वेळा पाडण्यात आले, आणि त्याने फेकलेले पाच चेंडू टाम्पाच्या गड्यांनी मध्येच झेलले. त्यांपैकी तीन तर थेट त्याच्याच संघाच्या अंतिम रेषेपार नेले. झेल घेणारे मागचे गडी होते. घाईघाईने चेंडू फेकण्याची पाळी गॅननवर आणली ती पुढच्या चौघांनी.

अशा माणसाला बढती मिळाली नसती तरच नवल. 2006 साली डेट्रॉइट लायन्सनी मारिनेली यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. पहिल्या हंगामात तीन विजय, तेरा पराभव. दुसऱ्या हंगामातील पहिल्या आठ सामन्यांपैकी सहा जिंकले तेव्हा डेट्रॉइटला धुमारे फुटले; परंतु उरलेल्या आठांत एकच विजय आला. मग 2008 साल उगवले. त्या वर्षीचे सरावाचे चारही सामने संघाने जिंकले. खऱ्या हंगामाचे सोळा सामने झाले, आणि सोळाही तो हरला. सोळा सामन्यांच्या हंगामात असे पूर्वी कोणाच्याही बाबतीत घडले नव्हते.

त्या सोळांतील एक सामना विलक्षण आहे. 12 ऑक्टोबर रोजी मिनेसोटाशी खेळताना डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्हस्की आपल्याच अंतिम क्षेत्रात उभा होता. मिनेसोटाचा एंड जॅरेड ॲलन अंगावर येत आहे असे पाहून तो मागे सरत गेला आणि मैदानाच्या शेवटच्या रेषेबाहेर पाऊल टाकून धावत राहिला. त्या पावलाचे दोन गुण मिनेसोटाला मिळाले. सामना डेट्रॉइटने 12-10 असा, बरोबर दोन गुणांनी गमावला. अग्रफळीच्या गड्याने क्वार्टरबॅकची मती कशी गुंग करावी हे ज्यांनी आयुष्यभर शिकवले, त्यांच्यावरच ती विद्या उलटलेली येथे दिसते.

हंगामाच्या अखेरीस एका पत्रकार परिषदेत त्यांना एक प्रश्न विचारण्यात आला. संघाच्या बचावाचे सूत्रधार जो बॅरी हे त्यांचे जावई. आपल्या मुलीने याहून बरा सूत्रधार पाहून लग्न केले असते तर बरे झाले असते असे वाटते का, असा त्या प्रश्नाचा आशय होता. त्यावर अमेरिकेत बरीच टीका झाली. मारिनेली यांनी तेथे आवाज चढवला नाही. हंगामाचा शेवटचा सामना 28 डिसेंबरला झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले. तीन वर्षांत दहा विजय, अडतीस पराभव.

हे का घडले? खेळाडूंची निवड त्यांच्या हाती नव्हती, हे खरे. ज्या व्यवस्थापकाने संघ उभा केला त्याला मालकांनी त्याच सप्टेंबरात घरी पाठवले होते. एकाच हंगामात तीन क्वार्टरबॅक बदलावे लागले. परंतु एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. चौघांना घडवणे आणि त्रेपन्न जणांचा संसार सांभाळणे ही भिन्न कामे आहेत. एखाद्या निष्णात अभियंत्याला त्याच्या नैपुण्याचे बक्षीस म्हणून मोठ्या खात्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसवावे, आणि मग त्याच्या टेबलावर नैपुण्याशी संबंध नसलेल्या नस्ती येत राहाव्यात, हा प्रकार शासनात वावरलेल्या कोणालाही अपरिचित नसेल. तसे झाले की आपण एक चांगला अभियंता गमावतो. कारण वर चढलेला माणूस पुन्हा खाली उतरायला तयार नसतो. आमच्याकडे तशी सोयही नाही.

मारिनेली मात्र उतरले. शिकागो बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक लव्ही स्मिथ हे त्यांचे टाम्पामधील जुने सहकारी. त्यांच्या हाताखाली 2009 साली मारिनेली पुन्हा अग्रफळीचे प्रशिक्षक झाले. वय एकोणसाठ, डोक्यावर सोळा पराभवांचा भार, आणि दिवसभर चार-आठ धिप्पाड पोरांसमोर वाकून हातांच्या फटक्यांचे तेच पाठ. पुढल्याच वर्षी त्यांच्याकडे साऱ्या बचावाची सूत्रे आली आणि शिकागोचा संघ आपल्या विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे ग्रीन बेकडून 21-14 असा हरला. 2012 मध्ये बेअर्सनी प्रतिपक्षाकडून चव्वेचाळीस वेळा चेंडू हिरावून घेतला. त्या हंगामात इतके कोणालाच जमले नाही. तरीही दहा विजय मिळवून देणाऱ्या स्मिथ यांना नारळ मिळाला. नव्या कारभाऱ्यांनी मारिनेली यांना राहण्याविषयी विचारले होते. त्यांनी नकार दिला.

2013 साली ते डॅलस काउबॉइजकडे गेले, तेही अग्रफळीचे प्रशिक्षक म्हणूनच. तेथे त्यांचे वरिष्ठ होते टाम्पाचे जुने सूत्रधार माँटी किफिन. त्या वर्षी दुखापतींनी फळी मोडून पडली, आणि जे हाती लागतील ते गडी घेऊन सामने खेळावे लागले. अनेक संघांनी सोडून दिलेल्या जॉर्ज सेल्वी या एंडने त्या हंगामात सात सॅक केले. 2014 मध्ये किफिन यांची सूत्रे मारिनेलींकडे देण्यात आली, आणि सत्तरी ओलांडलेले किफिन त्याच संघात सल्लागाराच्या जागी राहिले. गुरू खाली, शिष्य वर. त्या हंगामात डॅलसने बारा सामने जिंकले. 2019 च्या अखेरीपर्यंत मारिनेली तेथे सूत्रधार होते.

2020 मध्ये पुन्हा जॉन ग्रुडन यांनी हाक मारली. या वेळी ते रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते. सॅन डिएगोत ज्यांना टाम्पाने लोळवले होते तेच रेडर्स, आता ओकलंड सोडून लास व्हेगासला आलेले. मारिनेली तिसऱ्यांदा वरच्या जागेवरून खालच्या जागेवर आले होते आणि वयाची सत्तरी उलटली होती. साथीमुळे तो हंगाम नव्या मैदानात प्रेक्षकांविना खेळला गेला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ग्रुडन यांना पद सोडावे लागले. तरी संघाने दहा सामने जिंकून बाद फेरी गाठली. त्यांच्या फळीत मॅक्स क्रॉस्बी नावाचा एक तरुण एंड होता. त्याची निवड करताना इतर संघांनी शंभराहून अधिक खेळाडूंना त्याच्याआधी पसंती दिली होती. 2021 च्या हंगामात तो लीगमधील निवडक बचावपटूंच्या पंक्तीत जाऊन बसला. 15 जानेवारी 2022 रोजी सिनसिनाटी येथे रेडर्स 26-19 असे हरले. संघाला नवा मुख्य प्रशिक्षक मिळाला, त्याने नवा परिवार आणला, आणि रॉड मारिनेली निवृत्त झाले.