बारीक छिद्राची करामत

चष्मा काढा, पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून वर्तमानपत्र वाचा. पुसट अक्षरं ठळक होतात. वर्ध्याच्या मे महिन्यातल्या उन्हात बाहुली आकसते, तेव्हाही हेच घडतं. हीच करामत नेमबाजीतही कामी येते. ठासणीच्या बंदुकीने नेम धरताना मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य अशा तिन्हींवर नजर धावते. खाचेऐवजी डोळ्याजवळ छिद्र बसवलं की दोनच उरतात. छिद्राचा मध्य डोळा आपोआप शोधतो. मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं. गोळी उजवीकडे लागली तर छिद्र डावीकडे सरकवायचं. उजेड कमी असेल तर छिद्र मोठं हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये अशाच छिद्रातून नेम धरून कांस्यपदक जिंकलं. तिथं ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं.