‘लोकांना कळलं तर?’ या धास्तीचा तब्येतीवर होणारा परिणाम

वाशिमसारख्या छोट्या जिल्ह्यात दवाखान्याच्या रांगेतही कुणी ओळखीचं भेटू शकतं. ‘लोकांना कळलं तर?’ या धास्तीने गे आणि बायसेक्शुअल पुरुष अनेकदा तपासणीच टाळतात. रोजच्या या ताणाने झोप उडते, रक्तदाब वाढू शकतो, नैराश्य येऊ शकतं. संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये ‘अल्पसंख्याक ताण’ म्हणून याची मांडणी केली. त्रासाचं मूळ समलैंगिकतेत नाही. ते हेटाळणीत आणि लपून जगण्यात आहे.

सरकारी रुग्णालयात एचआयव्ही चाचणी मोफत होते. २०१७ च्या कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तिचा निकाल इतरांना सांगता येत नाही. मनावर ताण असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ क्रमांकावर रांगेत उभं न राहता, मोफत बोलता येतं.